खालून आलेला उजेड

थोरल्या जावेचं नाव धाकटीने पाटीवर वाचलं तेव्हा ती शिडीच्या वरच्या पायरीवर होती, तोंडात दोन स्क्रू धरलेले होते, म्हणून बरं. तोंड मोकळं असतं तर जे बाहेर पडलं असतं ते त्या दालनात शोभलं नसतं.

दालन चंद्राचं होतं. तीन खोल्यांचं प्रदर्शन, नाव ‘चंद्राची ओढ’. माणसाला वर जायची हौस कधीपासून आणि कशी कशी, असा सगळा विषय. पहिल्या खोलीत जुनी चित्रं. चंद्रावर पोचायला कुणी पाखरं जुंपलेली टोपली काढलेली, कुणी तोफ, कुणी नुसतीच एक लांबच लांब शिडी, आणि तिच्या टोकाला बिचारा एक माणूस. त्या शिडीवाल्याबद्दल धाकटीला आपुलकी वाटली होती, कारण तिचाही जन्म शिडीवरच चालला होता. दुसऱ्या खोलीत पत्र्याची खेळण्यातली रॉकेटं, गोधडीच्या ठिगळांतून शिवलेला अंतराळवीराचा पोशाख, आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या एका कुटुंबाचं भिंतभर चित्र. सगळ्यांची तोंडं उघडी, आजोबांचं सर्वांत जास्त. आणि तिसऱ्या, अंधाऱ्या खोलीत हा चंद्र. अर्धगोल, प्लॅस्टरचा, हात पसरलेल्या माणसाहून रुंद, समोरच्या भिंतीवर टांगलेला.

धाकटी गॅलरीत दिवे लावायची. कुठल्या चित्रावर किती उजेड, कुठून, किती पिवळा, हे तिचं काम. गॅलरीतले सगळे तिला दिवेताई म्हणत. सकाळी खोकं उघडलं आणि चंद्र बाहेर आला तेव्हाच तिने त्याला ओळखलं होतं. आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात मोठं झालं तरी आईला ओळखू येतंच. पण तोवर पाटी लागली नव्हती. आता लागली. वरून तिरकं वाचलं तरी स्वच्छ दिसत होतं: ‘निर्मिती’, पुढे थोरल्या जावेचं नाव आडनावासकट, आणि खाली बारीक अक्षरात, ‘एका हिवाळ्यात कलावतीने एकटीने घडवलेला’.

“ताई, कसा आहे?” खालून मांडणीवालीने विचारलं. प्रदर्शन उभं करणारी ती तरुण मुलगी, कानावर कायम पेन्सिल खोचलेली आणि तिलाच कायम शोधणारी. “आमच्या सगळ्या प्रदर्शनाचा राजा आहे हा.”

धाकटीने स्क्रू काढून हातात घेतले. “पाटीवरचा मजकूर कुणी दिला?”

“त्यांनीच. मुलाखत घेतली ना मी. इतकं छान बोलतात त्या. म्हणाल्या, लोक झोपायचे आणि मी एकटी चंद्राशी बोलत बसायचे.”

“चंद्र काय म्हणायचा?”

“अं?”

“काही नाही. तो दिवा दे वर.”

या दोघींची गोष्ट काही निराळी नव्हती. दोन भाऊ, दोन जावा आणि सासऱ्यांनी उभा केलेला नाटकाच्या पडद्यांचा आणि देखाव्यांचा कारखाना. राजवाडे, जंगलं, तुरुंग, स्वर्ग, सगळं लाकूड, गोणपाट आणि रंगातून. सासरे गेल्यावर कारखाना थोरलीने हातात घेतला, आणि तिचा नवरा म्हणजे मोठा भाऊ तोंडात मिठाची गुळणी धरून बसला, ती शेवटपर्यंत सोडली नाही. थोरलीचा कामाचा एक नियम होता आणि तो भिंतीवर लिहायची गरज नव्हती. गिऱ्हाईक खूश झालं की “मी केलं.” गिऱ्हाईक कुरकुरलं की “धाकटीने केलंय, नवी आहे, शिकेल.” धाकटी पंधरा वर्षं नवी होती. एकदा राजवाड्याचा खांब ऐन अंकात नायकावर पडला तेव्हा थोरली मधल्या सुटीत रंगमंचामागे जाऊन नायकाला हळद लावत सांगून आली, “धाकट्या जावेचं काम हो, मी घरी नव्हते.” खांब तिने स्वतः सकाळी उभा केला होता. तिला खोटं बोलतेय असं वाटतही नसे. शिंक आली की माणूस तोंडावर हात नेतो, तसा तिचा दोष आपोआप धाकटीकडे जायचा.

चंद्र एका नाटकासाठी केला होता. ज्या हिवाळ्यात धाकटीचा नवरा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळला, त्याच हिवाळ्यात. तारेचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर प्लॅस्टर. तो जमिनीवर उताणा पडलेला, आणि धाकटी शिडीवर बसून ओल्या प्लॅस्टरवर वरून वस्तू टाकायची: बटाटे, गोटे, दाराची मूठ, वजनकाट्यातली मापं. चंद्रावर खड्डे असेच पडले म्हणतात, वरून काहीतरी येऊन आदळून. मग जे आदळायचं ते आदळू दे, असं तिचं त्या दिवसांत सगळ्याच बाबतीत झालं होतं. आतून नवरा विचारायचा, “काय पडलं गं?” ती म्हणायची, “बटाटा.” तो हसायचा. हसताना त्याला खोकला यायचा.

तो गेला. पुढच्याच महिन्यात थोरलीने कारखान्याच्या दाराचं कुलूप बदललं. “आता दोन बायकांना पुरेल इतकं काम कुठे राहिलंय,” ती म्हणाली. “शिडी ने हवं तर. तुझीच आहे.” धाकटी शिडी घेऊन निघाली. रस्त्याने लोक बघत होते की ही बाई शिडी घेऊन कुठे चढायला चाललीय. चंद्र मागे राहिला, आणि पुढे थोरलीचा झाला. नाटकं गेली तरी चंद्र गाजला. मासिकांत फोटो आले, थोरली त्याच्याशेजारी उभी, हात त्याच्यावर ठेवलेला, जसा लोक बक्षीस मिळालेल्या म्हशीवर ठेवतात.

इतकी वर्षं धाकटीने हे गिळलं. पैसा नको होता, कारखानाही नको होता. पण चंद्र तिचा होता. नवऱ्याचं शेवटचं हसू त्या खड्ड्यांत होतं. आणि आता ते ‘एकटीने’. सूड दह्यासारखा असतो. नुसत्या दुधाचं दही लागत नाही, विरजणाचा एक थेंब पडावा लागतो. ‘एकटीने’ हा तो थेंब.

विचार सुचला तो हातातल्या बॅटरीमुळे. तारा तपासायला ती चंद्राखाली वाकली होती, बॅटरी जमिनीवर, तोंड वर. तिने मान उचलली आणि बघतच राहिली. चंद्रावर एकही खड्डा नव्हता. सगळे फोड होते. लहानमोठे, टरारून फुगलेले. डोळ्याला जन्मापासून एकच सवय, उजेड वरून येतो. खालून आला की डोळा उजेडावर शंका घेत नाही, वस्तूलाच उलटी समजतो. खड्डा फुगतो आणि फुगवटा खचतो. तिने बॅटरी उचलून वर धरली, खड्डे परत आले. खाली धरली, फोड. वर, खाली. मग ती जमिनीवरच मांडी घालून बसली आणि बऱ्याच वर्षांनी मनापासून हसली.

नुसती थोरलीची फजिती करायची असती तर एवढं पुरलं असतं. पण धाकटीला फजिती नको होती, चंद्र हवा होता. तो मागून मिळणार नव्हता. कोर्टात जाऊन तर नाहीच. थोरलीकडून एखादी गोष्ट सोडवून घ्यायची एकच वाट होती आणि ती या जगात फक्त धाकटीला ठाऊक होती: ती गोष्ट वाईट दिसायला हवी. चार लोकांसमोर वाईट दिसली की थोरली ती स्वतःच्या हाताने धाकटीच्या पदरात टाकणार. शिंक आल्यावर हात वर जातो तसा.

तिने दोन दिवे जोडले. एक नेहमीचा, वर डाव्या कोपऱ्यात. दुसरा जमिनीलगत, काळ्या कापडाआड. दोन्हींची बटणं पडद्यामागे शेजारी शेजारी, फिरवून उजेड हळूहळू कमीजास्त होणारी.

“खालचा कशाला?” मांडणीवालीने विचारलं.

“वरचा ऐन वेळी गेला तर अंधारात उभं राहाल?”

“तुम्ही किती पुढचा विचार करता, ताई.”

“हो,” धाकटी म्हणाली. “मागचाही करते.”

उद्घाटनाला संध्याकाळी बरीच गर्दी झाली. अशा गर्दीत निम्मे लोक कलेसाठी येतात आणि निम्मे बिस्किटांसाठी, आणि दोघांचे चेहरे सारखेच गंभीर असतात. थोरली आली. धाकटी पडद्याच्या फटीतून पाहत होती. केस पांढरे झाले होते, खांद्यावर जांभळी शाल, चष्मा जाड झालेला. चालताना उजव्या पायावर जरा रेलत होती. धाकटीला दया आलीच, नाही असं नाही. पण ती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी आली. तिला दारातच उभं ठेवलं.

संचालक चार शब्द बोलले, ते चाळीस झाले. मग माइक थोरलीकडे गेला. वरच्या दिव्याच्या उजेडात चंद्र तिच्यामागे देखणा दिसत होता, प्रत्येक खड्ड्याला बारीक सावलीची कोर.

“माणूस चंद्रावर का गेला?” थोरलीने सुरुवात केली. “कारण तो एकटा होता. मीही एकटी होते.”

धाकटीने वरच्या दिव्याचं बटण केसभर मागे घेतलं आणि खालच्याचं केसभर पुढे.

“बाहेर थंडी. सगळं घर झोपलेलं. आणि माझा हात आपोआप चालायचा.”

आणखी केसभर. दुधावर साय यावी तसा उजेड खालून वर चढत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक थोरलीकडे बघत होते. मग पुढच्या रांगेतल्या एका मिशीवाल्या गृहस्थांनी मान वाकडी केली. चष्मा काढला, घातला, आणि बायकोच्या कानाशी लागले. पण तिला जरा कमी ऐकू येत असावं, कारण त्यांचं कुजबुजणं अख्ख्या खोलीला ऐकू आलं.

“याला गोवर आलाय का गं?”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. हसू जांभईसारखं असतं, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. वर्तमानपत्रातून आलेली एक बाई हातातल्या कागदाचा पंखा करता करता थांबली आणि म्हणाली, “एक विचारू? चंद्रावर खड्डे असतात ना? इथे हे… फोड का दाखवलेत?”

थोरली वळली.

धाकटीचा हात बटणावर होता आणि श्वास कुठे होता देव जाणे. थोरली चंद्राकडे बघत राहिली. चष्मा काढून शालीला पुसला, पुन्हा घातला. फोड तसेच. एक क्षण धाकटीला वाटलं, हिला कळलं. सासऱ्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलेली बाई, उजेडाची ही लबाडी तिला ठाऊक असायलाच हवी. तिने फक्त खाली वाकून बघायला हवं होतं. पण खाली बघायला डोकं शांत लागतं, आणि मागे लोक हसत होते.

“त्याचं काय आहे,” थोरली माइकमध्ये म्हणाली आणि आवाज एकदम घरगुती झाला, गिऱ्हाइकाशी बोलायचा, “खरं सांगायचं तर हे माझं काम नाही.”

संचालकांनी मान वर केली.

“आमची धाकटी जाऊ होती. नवी होती, हौशी होती. तिने केलंय हे. मी सांभाळून घेत आले इतकी वर्षं. घरच्या माणसाची चूक चव्हाट्यावर कुणी मांडतं का?”

“म्हणजे हा चंद्र तुमचा नाही?” वर्तमानपत्रवाल्या बाईने पंख्याचा पुन्हा कागद केला.

“नाही म्हणजे नाहीच. बटाटे फेकून केलाय हो तिने. मी म्हटलं होतं तेव्हाच, असा कुठे चंद्र होतो का.”

“काहीच नाही केलं तुम्ही यात?”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

पडद्यामागे धाकटीने डोळे मिटले. पुन्हा एकदा ऐकायला मिळालं असतं तर तिने तिकीट काढलं असतं. ती लगेच काही हलली नाही. थोरलीला तशीच राहू दिली, त्या फोडांच्या पुढे, शाल सावरत, हसऱ्या तोंडांच्या समोर. दाराचं कुलूप बदललं त्या दिवशी धाकटी रस्त्यात शिडी धरून जितका वेळ उभी होती, साधारण तितका वेळ.

मग तिने बटणं फिरवली. खालचं मागे, वरचं पुढे. अगदी सावकाश, कारण तिला प्रत्येक खड्डा पडताना बघायचा होता. फोड बसत गेले, सपाट झाले, आत गेले, आणि प्रत्येकाच्या कडेला सावलीची कोर उमटली. डावीकडून उजवीकडे, जसा चंद्रावर दिवस सरकत जावा. मिशीवाल्यांच्या बायकोने “अगं बाई” म्हटलं आणि नवऱ्याचा दंड धरला. कुणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मांडणीवाली तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला वाटलं हे सगळं ठरवून केलेलं आहे. एका अर्थी खरंच होतं ते.

“कोण आहेत या जाऊबाई?” संचालकांनी विचारलं.

धाकटी पडदा सारून बाहेर आली. कामाचे कपडे, खिशात पेचकस. “मी,” ती म्हणाली.

वर्तमानपत्रवालीने तिचे फोटो काढले, चंद्राशेजारी. हात ठेवा म्हणाली. धाकटीने ठेवला नाही.

चहाच्या वेळी थोरलीने तिला कोपऱ्यात गाठलं. कपबशी हातात होती.

“खालून उजेड दिलास.”

“दिला.”

“मामंजींनी बघितलं असतं तर?”

“शाबासकी दिली असती. तुम्हाला विचारलं असतं, तुला एवढंही कसं ओळखता आलं नाही.”

थोरलीने घोट घेतला. चहा गार झाला असावा, तोंड वाकडं झालं. “चंद्र तुझा, तर घे. मला काय तो टांगायचाय घरात. पण एक सांग. घमेली कोण कालवत होतं?”

धाकटीने खिशातला पेचकस आत ढकलला.

“प्लॅस्टर दहा मिनिटांत दगड होतं. तू वर शिडीवर बसून बटाटे टाकत होतीस, तुझ्याखाली घमेल्यामागून घमेलं कोण कालवून ओतत होतं? माझ्या हाताची सालं निघाली होती त्या हिवाळ्यात. तुझ्या नवऱ्याला पेज भरवायला जायचे तर चमचा धरवत नव्हता.”

ही गोष्ट इथवर सांगायची राहून गेली, कारण धाकटीलाच ती आठवायची नव्हती. पण खोटी नव्हती. थोरली खाली उकिडवी बसून कालवायची, शिव्या देत, “टाक बाई लवकर, घट्ट होतंय,” आणि आतून नवरा विचारायचा तेव्हा कधी कधी तीच ओरडायची, “बटाटा पडला हो भावोजी, तुमच्या बायकोचं डोकं नाही.” त्यावर तो जास्त हसायचा.

“तुम्हीच म्हणालात,” धाकटी म्हणाली, “हातसुद्धा लावला नाही.”

“ते… लोक हसत होते गं.”

“माइकवर म्हणालात, जाऊबाई.”

तेवढ्यात मांडणीवाली आली, पेन्सिल शोधत. धाकटीने तिच्या कानावरची काढून हातात दिली. “ताई, नवी पाटी उद्या सकाळी लागेल,” मुलगी म्हणाली. “ तुमचं नाव मला पूर्ण लिहून द्या. आणि एवढं मोठं काम, मदतीला कुणी होतं का? असेल तर तेही नाव घालते.”

थोरली कपात बघत होती. काही मागत नव्हती. मागायची तिला सवयच नव्हती, आजवर घेतच आली होती. पण जायला वळलीही नव्हती. उजव्या पायावर रेलून तशीच उभी. चष्म्याच्या जाड काचेमागे तिचा डोळा फार मोठा दिसत होता.

एक शब्द पुरला असता. ‘हो’ म्हणायला काही लागत नाही, जीभसुद्धा टाळूला लावावी लागत नाही.

“नाही,” धाकटी म्हणाली. “कुणी नव्हतं.”

“मग खालची ओळ तशीच ठेवू? ‘एकटीने घडवलेला’?”

“तशीच ठेव. नाव तेवढं बदल.”

मांडणीवालीने लिहून घेतलं आणि गर्दीत गेली. थोरलीने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, शाल नीट केली.

“शिकलीस,” ती म्हणाली.

“तुमच्याच हाताखाली होते पंधरा वर्षं.”

थोरली हसली की काय ते धाकटीला नीट दिसलं नाही, कारण तोवर ती पाठमोरी झाली होती. पत्र्याच्या रॉकेटांमधून, ठिगळांच्या पोशाखाशेजारून, पाखरांच्या टोपलीवरून रेलत रेलत ती बाहेर गेली. कुणी तिला दारापर्यंत सोडायला आलं नाही. धाकटीच्या मनात आलं, खाली पायऱ्या आहेत, उजेड कमी आहे. तिने पायऱ्यांवरचा दिवा लावला. तिचं ते कामच होतं.

घरी जाऊन ती जेवली, दोन भांडी घासली, अंथरूण घातलं. सूड घेतलेल्या माणसाला झोप लागत नाही म्हणतात. तिला पाठ टेकताच लागली, आणि सकाळी उठल्यावर तिला त्याचीच जरा लाज वाटली. मग ती पाटी बघायला निघाली.